जुन्या कोरीव देव्हाऱ्यांची व पेट्यांची दुरुस्ती

जुना कागद जसा इतिहासाचें साधन, तसेंच जुनें कोरीव लांकूडकामहि होय. परंतु कागदाविषयीं बाळगली जाणारी सावधगिरी लांकडाच्या वांट्यास क्वचितच येते. परभणी जिल्ह्यांतील जुन्या घरांत कोरीव देव्हारा, चौरंग किंवा पोथ्यांची पेटी हातीं आल्यास दुरुस्ती कशी करावी, हें संग्राहकांस ठाऊक असावें म्हणून हें टिपण.

प्रथम सफाई. रंगाचे थर पाहून कॉस्टिक सोडा किंवा काचकागद वापरण्याचा मोह होतो. त्यानें पटाशीच्या खुणा व मूळ रंगाचे अवशेष नाहींसे होतात. कारागिराची ओळख तर त्यांतच असते. मऊ कुंचल्यानें धूळ काढावी व थांबावें.

दुसरें, लांकडाचा स्वभाव. येथील उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट. लांकूड रेषांच्या आडव्या दिशेनें फुगतें व आकसतें. लांबीच्या दिशेनें जवळजवळ नाहीं. म्हणून नवा तुकडा मूळच्याच जातीच्या, पुरत्या वाळलेल्या लांकडाचा व त्याच दिशेच्या रेषांचा असावा. नाहींतर सांधा उकलतो. सांध्यास सरस लावावा. ऊब व कोमट पाणी यांनीं तो सुटतो, त्यामुळें पुढील अभ्यासकास आपलें काम वेगळें काढतां येतें. लोखंडी खिळे मारूं नयेत. ते गंजून लांकूड काळें पाडतात व फोडतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कमानीवरील डावा मोर शाबूत व उजवा गळालेला असेल, तर डाव्याची रेखाकृति उलटी घेऊन उजवा कोरणें सयुक्तिक होय. परंतु दोन्ही नसतील, तर जिंतूर तालुक्यांतील चारठाण्याच्या देवालयांची दगडी नक्षी पाहून लांकडावर नवी नक्षी बसविणें म्हणजे बनावट पुरावा निर्माण करणें होय. जीर्ण पत्रांतील गळालेलीं अक्षरें आपण कंसांत घालतों. वाचन लागत नाहीं तेथें टिंबें देतों. तोच न्याय येथें लावावा. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेनें वास्तूंसंबंधीं असेंच ठरविलें आहे: तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धार थांबावा, व नवें काम जुन्याशीं जुळूनहि निराळें ओळखूं यावें.

देव्हारा पूजेंत असल्यास भग्न भाग नको, असा घरधन्याचा आग्रह असूं शकतो. तेव्हां ती जागा साध्या, न कोरलेल्या तुकड्यानें भरावी. नव्या तुकड्याच्या मागील अंगास सन घालावा, कामापूर्वीं छायाचित्र घ्यावें, आणि गळालेला मूळ तुकडा, कितीहि लहान असला तरी, कापडांत बांधून वस्तूसोबतच ठेवावा.