जुन्या मोटारीच्या स्टेअरिंग यंत्रणेतील झीज : निदान व दुरुस्ती
(विशेष संदर्भ : प्रीमियर पद्मिनी)

प्रस्तावना :
मोटारीच्या सुरक्षिततेत ब्रेकइतकेच महत्त्व स्टेअरिंगला आहे. ब्रेकमधील बिघाड बहुधा लवकर लक्षात येतो. स्टेअरिंगमधील झीज मात्र वर्षानुवर्षे मंद गतीने वाढते आणि चालकाचे हात नकळत तिच्याशी जुळवून घेतात. स्टेअरिंग व्हील फिरवूनही पुढची चाके न वळता जी मोकळी हालचाल होते, तिला कारागीर 'प्ले' म्हणतात. हा प्ले नेमका कोठून येतो व तो कोणत्या क्रमाने दूर करावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सने तयार केलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी सेवेतून कायमची बाहेर पडली. तथापि हौशी मालकांनी जतन केलेल्या पद्मिनी आजही रस्त्यावर दिसतात. म्हणून येथे तिचे उदाहरण घेतले आहे.

कायद्याची अपेक्षा :
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टेअरिंग व्हीलवरील प्ले ३० अंशांपेक्षा अधिक नसावा. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट वा पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असेही हा नियम सांगतो. ३५० मिलिमीटर व्यासाच्या स्टेअरिंग व्हीलवर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे ९ सेंटिमीटर होतात. ही कमाल मर्यादा आहे, सुस्थितीचे प्रमाण नव्हे.

रचना व झिजेची कारणे :
पद्मिनीत स्टेअरिंगचा दांडा स्टेअरिंग बॉक्समधील वर्म फिरवतो. ती गती ड्रॉप आर्म, मधला दांडा, आयडलर आर्म आणि टाय रॉड यांच्याद्वारे चाकांपर्यंत पोहोचते. पुढची चाके किंगपिनभोवती वळतात. या साखळीतील प्रत्येक सांध्याची अल्पशी झीज एकत्र होऊन व्हीलवरील एकूण प्ले तयार होतो. रबरी टोपी फाटली की ग्रीस निघून जाते, धूळ व पाणी आत शिरते आणि बॉल जॉइंट झपाट्याने झिजतो. वर्मची झीज मध्यभागी सर्वाधिक असते, कारण गाडी बहुतांश वेळ सरळच चालते.

निदान :
गाडी जमिनीवर उभी ठेवून एका व्यक्तीने व्हील थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. सांध्याचा एक भाग हलून दुसरा उशिरा हलत असेल, तर तो सांधा निकामी समजावा. त्यानंतर गाडी जॅकने उचलून भक्कम घोडीवर टेकवावी. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यास टाय रॉडचा दोष कळतो. वर-खाली धरून हलवल्यास किंगपिन किंवा चाकाचे बेअरिंग यांपैकी एकाचा संशय येतो. अशा वेळी सहकाऱ्याने ब्रेक दाबावा. हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा आणि कायम राहिली तर किंगपिनचा.

दुरुस्ती :
झिजलेला बॉल जॉइंट बदलावा. तो ठोकून वा वेल्डिंग करून घट्ट करू नये. असा सांधा धावत्या गाडीत निसटल्यास चालकाच्या हाती काहीच उरत नाही. टाय रॉड एंड काढताना किती फेऱ्यांत सुटला हे मोजून नवा तितक्याच फेऱ्यांत बसवावा. एका बाजूचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवावे. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल, तर नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आवळावा आणि पिन नेहमी नवी वापरावी.

स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणे हा सर्वांत सोपा, म्हणूनच सर्वांत प्रथम केला जाणारा उपाय होय. वास्तविक तो शेवटचा असावा. मध्यभागी झिजलेला वर्म तेथील प्ले जाईपर्यंत आवळला, तर वळणावर न झिजलेल्या भागात तो अडकतो. परिणामी स्टेअरिंग जड होते आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. अशा वेळी वर्म बदलणेच इष्ट. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घेणे अनिवार्य आहे. अन्यथा नवे सुटे भाग बसवूनही टायर एका कडेने झिजतात.

निष्कर्ष :
प्ले हे एकच लक्षण असले तरी त्याची कारणे अनेक असतात. ती चाकापासून बॉक्सकडे क्रमाने तपासल्यास अल्प खर्चात खरी दुरुस्ती होते. याउलट केवळ बॉक्स आवळल्याने लक्षण झाकले जाते. निखळू पाहणारा सांधा मात्र तसाच राहतो.