ओर्स्टेड यांची सुई आणि रिक्षाची बॅटरी

गेल्या उन्हाळ्यात सांगलीतला एक ई-रिक्षावाला माझ्याकडे आला. "काका, काटा अर्धी बॅटरी दाखवत होता आणि रिक्षा भर रस्त्यात बंद पडली. आत पेशंट होता." बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच आणि तो काटा, दोन्ही मीच बनवून दिले होते. चूक माझी होती. पण ती सापडायला पंधरा दिवस लागले.

अशा स्विचमध्ये मी रिलेऐवजी मॉस्फेट वापरतो. शॉर्टसर्किट झाले की डोळ्याचे पाते लवायच्या आत त्यांनी वाट तोडायची असते. त्यासाठी प्रवाह सतत मोजावा लागतो. जुनी रीत शंटची : वाटेत छोटा रोध ठेवायचा आणि त्यावरचा व्होल्टेज मोजायचा. पण एक मिलिओहमच्या शंटमधून १०० अँपिअर गेले, की १० वॉट उष्णता होते. बंद डब्यात ती नकोशी. म्हणून मी चुंबकीय मार्ग धरला.

१८२० मध्ये कोपनहेगन येथे हान्स क्रिस्टियान ओर्स्टेड यांना दिसले, की तारेतून वीज वाहताच जवळच्या होकायंत्राची सुई वळते. १८७९ मध्ये अमेरिकेत एडविन हॉल यांनी सोन्याच्या वर्खातून प्रवाह सोडून त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, तेव्हा वर्खाच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज मिळाला. आजचा हॉल सेन्सर याच तत्त्वावर, तारेला न शिवता, प्रवाह सांगतो.

सरळ तारेपासून एक सेंटिमीटरवर १ अँपिअरचे क्षेत्र २० मायक्रोटेस्ला भरते. १०० अँपिअरचे २०००. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास. म्हणजे सेन्सरच्या लेखी पृथ्वी म्हणजे सुमारे दोन अँपिअर! शॉर्टसर्किट ओळखताना ही चूक किरकोळ. शिलकीच्या हिशेबात मात्र ती साचत जाते.

हे मला कळले ते योगायोगाने. टेबलावर जागा करायला डबा काटकोनात फिरवला, आणि प्रवाह नसताना शून्याचे दोन अँपिअर झाले. शून्य मी एका दिशेला लावले होते; रिक्षा वेगळ्या दिशेला तोंड करून उभी राहत होती. मालक लग्नाला गेला, तेव्हा ती चोवीस तास चार्जिंगविना दारात होती. त्या वेळात काट्याने न मिळालेले ४८ अँपिअर-तास जमेला धरले. बॅटरी १०० अँपिअर-तासांची. जवळजवळ रिकामी असूनही ती अर्धी भरलेली दिसली.

उपाय सोपा निघाला. तारेच्या दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर बसवला. तारेचे क्षेत्र त्या दोन बाजूंना उलटसुलट असते, पृथ्वीचे मात्र सारखेच. एकातून दुसरे वजा केले, की पृथ्वी जाते आणि तारेचा आकडा दुप्पट होऊन उरतो.

ओर्स्टेड यांची सुई आधी उत्तरेकडे रोखलेली होती, म्हणून तिचे वळणे दिसले. शून्य लावताना मी ती उत्तर दिशाच विसरलो होतो. नवा डबा बसवून दिला. पैसे घेतले नाहीत.