विश्लेषण : जुन्या इलेक्ट्रिक गिटारचे फ्रेट घरी बदलता येतात का? फ्रेट वायर कोणती निवडावी?

लग्नसराईत आणि गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षे वाजलेली इलेक्ट्रिक गिटार पुढे कपाटावर पडून राहते. नव्या तारा टाकल्या तरी झणझण थांबत नाही, सूर नीट लागत नाही, म्हणून ती निकामी ठरवली जाते. प्रत्यक्षात अनेकदा लाकूड शाबूत असते, वायरिंगही ठीक असते. झिजलेले असतात ते फक्त मानेवरचे फ्रेट. ते बदलणारे कारागीर मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. त्यामुळे जालना, अंबड किंवा परतूरच्या वादकापुढे प्रश्न पडतो : गिटार पाठवायची, टाकून द्यायची की घरीच दुरुस्त करायची?

फ्रेट म्हणजे काय, ते झिजतात का?

सतारीला जसे पडदे, तसे गिटारला फ्रेट. मात्र सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागानुसार सरकवता येतात. सतार आणि तानपुऱ्यासाठी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेत हे पडदे कारागीर आजही हाताने बांधतात. गिटारचे फ्रेट लाकडात कापलेल्या खाचांत ठोकून बसवलेले असतात. खाचांची जागा गणिताने ठरलेली असते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. म्हणून फ्रेट बदलले तरी खाचा त्याच राहतात.

गिटारची तार पोलादाची, तर नेहमीचा फ्रेट तिच्यापेक्षा मऊ धातूचा. रोजच्या दाबाने पहिल्या काही फ्रेटवर तारेखाली खड्डे पडतात. फ्रेटचा माथा गोल असेल तर तार मध्यावर टेकते. तो सपाट झाला की तार पुढच्या कडेवर टेकते आणि स्वर किंचित चढा लागतो.

सगळे फ्रेट बदलणे गरजेचे आहे का?

बहुतेक वेळा नाही. खड्डे उथळ असतील आणि फ्रेटची उंची पुरेशी शिल्लक असेल, तर सर्व फ्रेट एका पातळीत घासून माथे पुन्हा गोल केले की काम भागते. पहिले चार-पाच फ्रेटच खोल झिजले असतील, तर तेवढेच बदलता येतात. मात्र नवीन फ्रेट शेजारच्या जुन्यांच्या उंचीला आणावे लागतात. फ्रेट इतके बुटके झाले असतील की बोट लाकडालाच घासते, तरच पूर्ण संच बदलावा.

जालन्याच्या उन्हाळ्याचा काय संबंध?

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचे लाकूड रुंदीत आकसते, धातू मात्र तसाच राहतो. त्यामुळे फ्रेटची टोके बाहेर येऊन तळहाताला टोचतात. ही झीज नव्हे. बारीक कानशीने टोके घासली की पुरे. हे काम कोरड्या दिवसांतच करावे. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर घासलेली टोके पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टोचू शकतात. गिटार कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यांत मान वाकते.

फ्रेट वायर कोणत्या धातूची घ्यावी?

बाजारात मुख्यतः तीन पर्याय आहेत.

निकेल सिल्व्हर : भांड्यांमुळे घरोघरी माहीत असलेले जर्मन सिल्व्हर ते हेच. नावात चांदी असली तरी त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. फ्रेटसाठी साधारण १८ टक्के निकेलचा मिश्रधातू वापरतात. ठोकायला, वाकवायला आणि घासायला सोपा. घरी पहिल्यांदा काम करणाऱ्याने हाच घ्यावा.

स्टेनलेस स्टील : कितीतरी जास्त टिकते आणि तार त्यावर सहज सरकते. पण ते कठीण असल्याने कानशी आणि कटर लवकर बोथट होतात, नीट न वाकवलेली वायर खाचेतून पुन्हा वर येते. जालना पोलादाच्या सळयांसाठी प्रसिद्ध असले तरी ते पोलाद वेगळे. फ्रेटच्या स्टीलमध्ये गंज रोखणारे क्रोमियम असते.

इव्हो : सोनेरी रंगाचा, निकेल नसलेला तांब्याचा मिश्रधातू. कठीणपणात वरील दोघांच्या मधला. निकेलची ॲलर्जी असलेल्यांना सोयीचा.

माप कसे ठरवावे?

माथ्याची रुंदी आणि उंची हाताला जाणवते. जुन्या धाटणीची बारीक वायर सुमारे २ मिमी रुंद व १.१ मिमी उंच असते, तर जम्बो सुमारे २.८ मिमी रुंद व १.४ मिमी उंच. उंच फ्रेटवर तार ओढून मींड घेणे सोपे जाते. पण बोट जोरात दाबणाऱ्याचा स्वर चढतो.

त्याहून महत्त्वाची आहे खाचेत जाणाऱ्या पात्याची जाडी. खाच साधारण ०.६ मिमी रुंद असते. पाते जाड असेल तर मान मागे वाकते, बारीक असेल तर फ्रेट सैल बसतो. म्हणून एक जुना फ्रेट काढून त्याचे पाते व्हर्नियर कॅलिपरने मोजल्यावरच वायर मागवावी. २२ फ्रेटसाठी सुमारे दीड मीटर पुरते.

घरी काम कसे करावे?

१. तारा काढून मानेतील सळई, म्हणजे ट्रस रॉड, जुळवून मान सरळ करावी. स्टीलची पट्टी उभी धरून खात्री करावी.

२. सोल्डरिंग आयर्नने फ्रेट तापवावा. जुना डिंक सैल होतो आणि लाकडाचे टवके कमी उडतात. तोंड सपाट घासलेल्या कटर पकडीने एका टोकापासून हळूहळू फ्रेट उचलावा. टवका उडाल्यास तो लगेच सुपरग्लूने जागेवर चिकटवावा.

३. खाचा साफ कराव्यात. नवी वायर फ्रेटबोर्डच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त वाकवावी आणि दोन्ही बाजूंना २-३ मिमी जास्त ठेवून कापावी.

४. मानेखाली भक्कम आधार द्यावा. प्लास्टिक किंवा पितळी तोंडाच्या हातोडीने आधी दोन्ही टोके, मग मध्य ठोकावा.

५. टोके कापून तिरकी घासावीत. फ्रेटच्या माथ्यांवर मार्करची शाई लावून सपाट पट्टीवर चिकटवलेल्या सँडपेपरने घासावे. सगळ्या माथ्यांवरची शाई गेली की पातळी एक झाली. मग माथे गोल करून बारीक पेपरने चमकवावेत. लाकडावर मास्किंग टेप हवीच.

धातूची धूळ आणि सुपरग्लूच्या वाफेपासून बचावासाठी मास्क, चष्मा आणि उघडी खिडकी आवश्यक. फ्रेट उंच झाले असतील तर मानेच्या टोकाची खोबणीपट्टी, म्हणजे नटही उंच करावा लागतो; नाहीतर मोकळी तार झणझणते.

कुठे थांबावे?

मेपलच्या, वरून लॅकर दिलेल्या फ्रेटबोर्डवर फ्रेट उपटताना लॅकरचे पापुद्रे निघतात. कडेला प्लास्टिकची पट्टी असलेल्या मानेवर प्रत्येक पाते दोन्ही टोकांना छाटावे लागते. मान पिळवटली असेल तर नवे फ्रेट उपयोगाचे नाहीत. अशी किंवा मूल्यवान जुनी गिटार कारागिराकडेच द्यावी.

वायरपेक्षा अवजारे महाग पडतात, हेही लक्षात घ्यावे. एकाच गिटारसाठी खर्च परवडत नसेल, तर दोन-तीन वादकांनी मिळून अवजारे घ्यावीत. आधी एखाद्या भंगारातल्या मानेवर हात बसवावा. वडिलांच्या गिटारवर पहिला प्रयोग करू नये.