म्हशीच्या रक्ताची तपासणी

मरोळहून आरे दूध वसाहतीत शिरले की म्हशींचे गोठे लागतात. मुंबई शहरातील तबेले हलविण्यासाठी १९४९ साली ही वसाहत स्थापन झाली. अशा गोठ्यांत नुकत्याच व्यालेल्या म्हशी दूरच्या बाजारांतून विकत आणतात. त्यांच्याबरोबर न दिसणारा रोगही येऊ शकतो.

आय.बी.आर. हा तसाच एक रोग होय. हर्पीस वर्गातील विषाणूमुळे होणाऱ्या या रोगात जनावरास ताप येतो, नाक-डोळे वाहतात, दूध घटते. गाभण जनावर गाभडते. बरे झाल्यावरही विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि प्रवासाचा वा विण्याचा ताण पडताच पुन्हा बाहेर पडू लागतो. तेव्हा धष्टपुष्ट म्हैसही वाहक असू शकते. तिची परीक्षा रक्तानेच करावयास हवी.

पशुवैद्यकांकडून मानेच्या शिरेतील रक्त काढवून नमुना थंड ठेवून पाठवावा. पुण्यास औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. रक्तजलात प्रतिपिंडे आढळल्यास, लस टोचलेली नसेल तर, ते मोठे जनावर आजन्म वाहक समजावे. वासराच्या रक्तात मात्र चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे असू शकतात. लागण ताजी असल्यास पहिली तपासणी निर्दोष येते. म्हणून नवी म्हैस निराळी बांधून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे. 'जागा कोठून आणावी?' असे गोठेवाले विचारतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. निदान बादली व गव्हाण तरी वेगळी ठेवावी.

हा रोग माणसास होत नाही. गावच्या रेड्याचे रक्त मात्र सर्वांआधी तपासावे, कारण विषाणू वीर्यातूनही पसरतो.