ग्रामसभेत विचारा, आणि नोंदवूनही घ्या

नांदगाव पेठ अमरावतीला खेटून असलं, तरी इथं नगरसेवक नाहीत. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (2024 पर्यंतचे ग्रामसेवक) आणि समित्यांना जाब विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानं वर्षाला किमान चार सभा बंधनकारक आहेत. गणपूर्तीसाठी 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जो आकडा कमी तो लागतो.

मालमत्ता : नमुना 8 चा उतारा हातात घेऊनच सभेला जा. त्यावर घर मातीचं की सिमेंटचं, लांबी-रुंदी किती, हे लिहिलेलं असतं. पडवी पाडून वर्षं झाली तरी कर तसाच सुरू असेल, तर ती ओळ बोटानं दाखवा. आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते. एक मात्र ध्यानात असू द्या, हा उतारा कराचा आहे, मालकीचा नव्हे.

वाहतूक : नागपूर-अमरावती महामार्ग (जुना 6, आता 53) ग्रामपंचायतीच्या ताब्यात नाही. त्यासाठी ठराव करून महामार्ग प्राधिकरणाकडे पाठवावा लागतो. गावातल्या रस्त्यावरचं अतिक्रमण हटवण्याचा अधिकार मात्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 53 नं पंचायतीलाच आहे. एमआयडीसीत 1000 एकरांचं पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क येतंय. ट्रक वाढणार, म्हणून हा प्रश्न आत्ताच मांडायला हवा.

बेघर : घरकुलाच्या यादीचं वाचन सभेत मोठ्यानं करायला लावा. ज्याला जागाच नाही, त्याच्यासाठी दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे.

उठण्याआधी आपला प्रश्न कार्यवृत्ताच्या वहीत उतरला का, ते वाचून पाहा.