वार आणि जमीन: एकच शब्द

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘फेनुआ’ म्हणजे जमीन. आणि फेनुआ म्हणजेच वार, बाळापाठोपाठ आईच्या पोटातून बाहेर येते ती! जन्माआधी जी पोसते ती फेनुआ, जन्मानंतर जी पोसते तीही फेनुआ. म्हणून बाळाची वार कुळाच्या जमिनीत पुरायची, अशी माओरींची रीत. ‘माझी नाळ इथं पुरलीय’ असं गावाबद्दल म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

या भाषेत असे शब्द आणखी सापडतात. ‘हापू’ म्हणजे गरोदर, आणि हापू म्हणजे भावकीही. ‘फानाउ’ म्हणजे जन्म देणं, आणि कुटुंबही. ‘इवी’ म्हणजे हाड, आणि जमातही. देह, गोत आणि भुई यांच्यात इथे भिंतच नाही. मग अशा माणसांची जमीन हिरावून घेतली, तर जखम कुठे होते?

तारानाकी हा २५१८ मीटर उंचीचा, डोक्यावर बर्फ असलेला ज्वालामुखी. पायथ्याच्या माओरींसाठी तो पूर्वज आहे. १८६५ मध्ये वसाहतीच्या सरकारने तो भोवतालच्या मुलखासह जप्त केला. त्याच्या सावलीतल्या पारिहाका गावाने हत्यार न उचलता विरोध केला: मोजणीच्या खुंट्या उपटल्या, जप्त जमिनीवर नांगर धरला. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सैन्य चालून आलं, तेव्हा सामोरी आली ती गाणारी मुलं. गाव तरीही उद्ध्वस्त झालं. पुढे शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला. १९०७ च्या कायद्याने ‘तोहुंगा’ म्हणजे पारंपरिक जाणकारांच्या उपचारांवर बंदी आली. घाव घालणाऱ्यांनी मलमही काढून घेतलं.

ते मलम परत शोधणाऱ्यांत मेसन ड्युरी हे माओरी मनोविकारतज्ज्ञ होते. १९८० च्या दशकात त्यांनी आरोग्याचं एक चित्र मांडलं: चार भिंतींचं घर. एक भिंत देहाची, एक मनाची, एक आत्म्याची, एक कुटुंबाची. एक जरी खचली तरी घर कलतं. आणि हे घर उभं असतं फेनुआवर. आज न्यूझीलंडच्या शाळांत आणि आरोग्यसेवेत हे घर शिकवलं जातं. मनाचा आजार पाहताना पायाखालच्या जमिनीचीही विचारपूस करायची, हा त्यातला धडा.

ही विचारपूस माओरी माणूस स्वतःची ओळख देतानाच करून ठेवतो. त्या ओळखीला ‘पेपेहा’ म्हणतात. त्यात आधी डोंगराचं नाव येतं, मग नदीचं, पूर्वज ज्या होडीतून आले तिचं, जमातीचं. स्वतःचं नाव सर्वांत शेवटी! आघात माणसाला एकटं पाडतो. दुःख आपल्यापाशीच सुरू झालं आणि आपल्यापाशीच संपणार, असं त्याला वाटू लागतं. पेपेहा म्हणणाऱ्याच्या पाठीशी मात्र डोंगर उभा असतो. तो त्याच्या दुःखाहून थोरला असतो. मला यातच उपचाराचं मर्म दिसतं: जखम एकट्याची नव्हती, म्हणून ती भरूनही एकट्याने येत नाही.

आणि म्हणूनच डोंगर परत मिळणं हाही उपचारच. २०१७ मध्ये सरकारने पारिहाकात जाऊन माफी मागितली. ३० जानेवारी २०२५ रोजी संसदेने एकमताने कायदा करून तारानाकीला व्यक्तीचा दर्जा दिला. आता तो कुणाच्याही मालकीचा नाही. तो स्वतःचा आहे. ब्रिटिशांनी लादलेलं ‘एग्माँट’ हे नावही गेलं.

रुग्णालयांतही एक बदल झाला आहे. एकेकाळी तिथे बाळाची वार कचऱ्यात जायची. आज बाळंतिणीला विचारलं जातं, “वार घरी न्यायची आहे का?” आणि कितीतरी माओरी घरांतली माणसं ती जपून नेतात, आपल्या डोंगराच्या पायथ्याशी पुरायला.