रोड बाइकचा स्पोक तुटला तर? चंद्रपूर-गडचिरोलीत मापाचा स्पोक शोधणं आणि चाक सांभाळणं

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. रविवारी पहाटे चंद्रपूरहून निघालो, मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोली गाठली. साधारण ८० किलोमीटर. जेवलो, थोडा आराम केला आणि परत फिरलो. मूल सोडून केळझरच्या पुढे आलो आणि मागच्या चाकातून 'टंग' असा आवाज आला. पाच मिनिटांत चाक ब्रेकला घासायला लागलं, मग जवळपास अडकलंच. एक स्पोक तुटला होता.

संध्याकाळचे पाच वाजले होते. नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे साडेपाचला सूर्य जातो. दोन्ही बाजूंना जंगल, मोबाईलला एक कांडी नेटवर्क, आणि या पट्ट्यात वाघ कुठे दिसतो हे चंद्रपूरकरांना सांगायची गरज नाही. अशा ठिकाणी सायकल उलटी करून दुरुस्ती करत बसणं हा पर्यायच नसतो. एका पिकअपवाल्या भाऊंनी सायकल मागे टाकून घेतली म्हणून घरी पोचलो.

खरा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. चार दुकानं फिरलो. एका जुन्या दुकानातल्या काकांनी चाक हातात घेऊन फिरवलं, तुटलेली तार पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, ही तार आपल्या इकडं नाही भेटत. मोठी आहे माझ्याजवळ, कापून देऊ का?" मी नको म्हणालो. ते बरोबर केलं की चूक, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून हा लेख.

गावातल्या दुकानातला स्पोक का बसत नाही?

आपल्या भागात सायकलची दुकानं कमी नाहीत. शाळकरी मुलींना सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकली, दूधवाल्यांच्या, पेपरवाल्यांच्या काळ्या सायकली, सगळ्या तिथेच दुरुस्त होतात. त्यामुळे दुकानात स्पोकचे गठ्ठे असतात, पण ते त्या सायकलींच्या मापाचे. काळ्या २८ इंची सायकलच्या रिमचं प्रमाणित माप ६३५ मिलिमीटर आहे, रोड बाइकच्या ७०० सी चाकाचं ६२२. म्हणजे त्रिज्येतच साडेसहा मिलिमीटरचा फरक. हबचा आकार वेगळा, स्पोकची संख्या वेगळी. काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, रोड बाइकला २०, २४, २८ किंवा ३२.

स्पोकच्या बाबतीत साडेसहा मिलिमीटर म्हणजे खूप झाले. स्पोकच्या टोकाला साधारण १ सेंटिमीटरच आटे असतात आणि त्यावर निपल फिरतं. १-२ मिलिमीटर आखूड स्पोक चालून जातो. लांब स्पोकचे आटे मात्र ताण येण्याआधीच संपतात, निपल पुढे जात नाही आणि स्पोक ढिलाच राहतो.

मग कापून आटे पाडले तर? काकांकडे डाय होता, ते करू शकले असते. पण कंपनीत स्पोकचे आटे कापत नाहीत, दाबून उमटवतात. त्यात धातू निघून जात नाही, उलट तिथली तार कडक होते. डायने पाडलेले आटे तारेचा धातू कमी करतात, म्हणून ते कमजोर. घरी पोचण्यापुरता असा स्पोक ठीक आहे. मागच्या चाकात कायमचा ठेवू नका.

स्पोक तुटतो ढिला असल्यामुळे

हे मला सगळ्यात उलटं वाटलं होतं. मला वाटायचं, जास्त घट्ट केला की तुटतो.

बैलगाडीचं चाक डोळ्यासमोर आणा. त्याचे लाकडी आरे जाड असतात, कारण गाडीचं वजन खालच्या आऱ्यावर उभं असतं. सायकलचा स्पोक २ मिलिमीटरची तार आहे. ती उभी धरून वरून दाबली तर लगेच वाकेल. म्हणून ती आधीच ताणून ठेवलेली असते, चांगल्या चाकात एकेका तारेवर १०० किलोच्या आसपास ओढ असते. तुम्ही सायकलवर बसता तेव्हा जमिनीजवळच्या तीन-चार स्पोकची ओढ थोडी कमी होते. चाक फिरलं की ती परत येते. कमी, परत, कमी, परत.

हे किती वेळा होतं? २५ मिलिमीटर टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला ४७५ फेरे. केळझरपर्यंतची माझी त्या दिवसाची राइड धरली तर प्रत्येक स्पोकने ५० हजारांहून जास्त वेळा ही उठबस केली. ताण पुरेसा असेल तर स्टीलला त्याचं काही वाटत नाही. पण स्पोक मुळातच ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्यात त्याची ओढ शून्यावर जाते, त्याचं वाकडं टोक हबच्या भोकात हलतं आणि तिथे बारीक तडा सुरू होतो. पत्र्याची पट्टी वाकवून-वाकवून तोडतो ना, तसंच. म्हणूनच बहुतेक स्पोक मधोमध तुटत नाहीत, हबजवळच्या वळणावर तुटतात. जॉब्स्ट ब्रँट नावाच्या इंजिनिअरने १९८१ साली सायकलच्या चाकावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आकडेमोडीसकट आहे.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. वळणावर तुटलेला पहिला स्पोक बदला आणि बाकीच्यांचा ताण नीट करा. पण थोड्या दिवसांत दुसरा आणि तिसराही तुटला तर एकेक बदलत बसू नका. सगळे स्पोक सारखेच दमलेले आहेत. हब आणि रिम तेच ठेवून सगळे स्पोक नवे टाकून घ्या.

माप घ्या, तेही तुटायच्या आधी

स्पोकची लांबी मोजतात ती वळणाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत. गोल डोकं धरायचं नाही. तुटलेल्या स्पोकचे दोन्ही तुकडे असतील तर ते स्टीलच्या पट्टीवर जोडून मोजा आणि फोटो काढून ठेवा. तुकडा हरवला असेल तर त्याच चाकाचा, त्याच बाजूचा एक चांगला स्पोक काढा, मोजा, परत बसवा.

"त्याच बाजूचा" हे महत्त्वाचं आहे. मागच्या चाकात उजवीकडे गिअरची कॅसेट असते, म्हणून उजवी फ्लँज, म्हणजे हबची भोकांची चकती, चाकाच्या मध्याच्या जवळ असते आणि डावी लांब. त्यामुळे दोन्हीकडच्या स्पोकची लांबी वेगळी येते.

हबच बदलत असाल तर लांबी गणिताने काढता येते, आणि त्याला मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो. आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये सायंटिफिक बटणं येतात. रिमची त्रिज्या (निपल जिथे बसतं तिथपर्यंतची), फ्लँजवरच्या भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या आणि चाकाच्या मध्यापासून फ्लँजचं अंतर, या तिन्हींचे वर्ग करून बेरीज करा. त्यातून २ गुणिले रिमची त्रिज्या गुणिले फ्लँजची त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाइन वजा करा. वर्गमूळ काढा आणि शेवटी भोकाच्या व्यासाचा अर्धा भाग वजा करा. कोन म्हणजे ३६० भागिले एका बाजूचे स्पोक, गुणिले एक स्पोक किती स्पोकना ओलांडतो तो आकडा.

उदाहरण घेऊ. ३२ स्पोक, ३ ओलांडे, म्हणजे कोन ६७.५ अंश. रिमची त्रिज्या ३००, फ्लँजची २२.५, उजवी फ्लँज मध्यापासून १८ आणि डावी ३६ मिलिमीटर, भोक २.६. उत्तर: उजवीकडे २९१.४, डावीकडे २९३. गूगल शीट्समध्ये करत असाल तर तिथला कोसाइन रेडियन मागतो, अंश नाही. मी स्वतः पहिल्यांदा यातच फसलो होतो, ४ मिलिमीटर लांब उत्तर आलं आणि त्यावर विश्वासही ठेवला. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाने हे करावं म्हणजे कमाल आहे.

मागवायचा कुठून?

आपल्याला सगळ्यात जवळ नागपूर, चंद्रपूरपासून साधारण १५० किलोमीटर. जाण्याआधी तिथल्या रोड बाइक दुरुस्त करणाऱ्या दुकानाला पट्टीवर ठेवलेल्या स्पोकचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. "७०० सीचा स्पोक द्या" एवढं सांगून भागत नाही. लांबी मिलिमीटरमध्ये सांगा, जाडी सांगा (बहुतेक २ मिलिमीटर, म्हणजे १४ गेज) आणि हबकडचं टोक वाकडं आहे की सरळ ते सांगा. काही तयार व्हीलसेटमध्ये सरळ टोकाचे स्पोक असतात, त्यात वाकडा बसतच नाही. नवी सायकल घेत असाल आणि राहायला आलापल्ली, भामरागड, सिरोंचाकडे असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: वाकड्या टोकाचे, भरपूर स्पोकवालं चाक घ्या. वजन थोडं वाढेल, वाढू द्या. ३२ पैकी एक तुटला तर चाक घरी आणतं, २० पैकी एक तुटला तर तिथेच बसतं.

ऑनलाइनही मिळतात. स्वित्झर्लंडच्या डीटी स्विस आणि बेल्जियमच्या सापिमचे महाग, लुधियानाकडचे स्वस्त. स्टेनलेस स्टीलचेच घ्या. ऑर्डर करण्याआधी पिनकोड टाकून बघा, गडचिरोलीतल्या आतल्या गावांत प्रत्येक कुरिअर जात नाही. चंद्रपूर किंवा गडचिरोली शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता कामी येतो. एकच स्पोक मागवू नका. मागच्या चाकाच्या दोन्ही मापांचे चार-चार आणि पुढच्याचे दोन, निपलसकट. त्यातले दोन-तीन सायकलच्या मागच्या आडव्या नळीला टेपने चिकटवून टाका. माझे आता तिथेच असतात.

सोबत स्पोक की घ्या. निपलची मापं ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिलिमीटर अशी जवळजवळची असतात. मोठी की वापरली तर निपलचे कोपरे झिजून ते गोल होतं, मग पक्कडच. उजवीकडचा स्पोक बदलायला कॅसेट उतरवावी लागते. त्याचा पाना आणि चेन व्हिप गावातल्या दुकानात बहुधा नसते, तेव्हा तेही मागवून ठेवा.

रस्त्यात तुटला तर

तुटलेली तार शेजारच्या स्पोकला गुंडाळा, नाहीतर ती फ्रेममध्ये अडकते. ब्रेकवरची छोटी लिव्हर उघडून पॅड लांब करा. तरी घासत असेल तर तुटलेल्या स्पोकच्या दोन्ही शेजाऱ्यांना अर्धा-अर्धा आटा ढिलं करा. ते समोरच्या फ्लँजचे असतात, तेच रिमला आपल्याकडे ओढत असतात. मग वजन मागे न टाकता हळू चला. हे सगळं तीन मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी माझ्याकडे की असती तर पिकअप लागला नसता.

आवाजावरून ताण ओळखा

ताण मोजायचं यंत्र महाग असतं, पण गिटार ट्यूनरचं फुकट ॲप ऑफलाइनही चालतं. सायकल उलटी करा, शांत खोलीत स्पोक रिमजवळ नखाने छेडा आणि हर्ट्झचा आकडा बघा. एका बाजूच्या सगळ्या स्पोकचा आकडा जवळपास सारखा यायला हवा. कंपनांचा आकडा ताणाच्या वर्गमुळावर चालतो, म्हणून १० टक्के कमी आकडा म्हणजे ताण १९ टक्के कमी. वरच्या उदाहरणात डावी फ्लँज दुप्पट लांब होती, तिथे डावीकडे ताण निम्माच असतो आणि आकडा उजवीच्या ७० टक्क्यांच्या आसपास येतो. तो दोष नाही. एखादा स्पोक मात्र शेजाऱ्यांपेक्षा खूपच खाली बोलत असेल तर पुढचा तुटणारा तोच.

आउट काढणं

फ्रेमला एक झिप टाय बांधा आणि तिचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा. चाक फिरवा, फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. रिम कुठे टोकाला लागते ते दिसेल. रिम उजवीकडे गेली असेल तर त्या जागेचे डावे स्पोक पाव आटा घट्ट करा, पुन्हा फिरवा. टायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवणं म्हणजे घट्ट. सायकल उलटी करून हबकडून बघताना ही दिशा उलटी दिसते आणि तिथेच सगळे चुकतात. निपल हलत नसेल तर जोर लावू नका, मुळाशी तेलाचा थेंब टाका आणि रात्रभर थांबा. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर हे हमखास होतं.

रिम ब्रेक असेल तर अजून एक. दुर्गापूर, पद्मापूरकडून मोहर्लीला जात असाल तर कोळशाच्या ट्रकची धूळ ब्रेक पॅडमध्ये बसते आणि रिम कानशीसारखी घासते. घरी आल्यावर ओल्या फडक्याने रिम आणि पॅड पुसा. रिमच्या कडेवर बारीक खाच किंवा टिंब असतं, ते दिसेनासं झालं की रिम बदलायची वेळ आली. त्या रिमवर नवे स्पोक टाकू नका.

नवा स्पोक ओवताना शेजारच्याकडे बघू नका, त्याच्यापासून चौथ्याकडे बघा. चाकाची वीण दर चार स्पोकला तीच येते, तो जसा वरून-खालून गेलाय तसाच हा न्या. काढण्याआधी त्या जागेचा एक जवळून फोटो घेतला असेल तर विचारायलाच नको. मी घेतला नव्हता, म्हणून पहिल्यांदा दोनदा ओवावा लागला.